पहिला चमचा

ठेवणीतल्या कोरियन पेहरावाच्या, हानबोकच्या छातीवरची फीत सासूबाईंनी इतकी आवळली की उन-सुकला श्वास बेताबेतानं घ्यावा लागला.

"आई, जरा सैल करा ना."

"सैल केली की सुटते. वर स्टेजवर सगळ्या गावासमोर सुटली म्हणजे?"

सासूबाईंच्या लेखी गाव म्हणजे अख्खं ब्वेनोस आयरेस नव्हे. काराबोबो रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली कोरियन वस्ती, तेवढंच गाव. उरलेलं शहर चाळीस वर्षांत त्यांच्या खिजगणतीत आलं नव्हतं. भाजीवाल्याशी त्या अजून बोटांनीच बोलायच्या, आणि तरी त्याच्याकडून दर खेपेला एक मुळा जास्तीचा आणायच्या.

गाठ मारून झाल्यावर त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि सुनेकडे पाहत राहिल्या. त्यांच्या तोंडावरून काही कळेल तर शपथ. उन-सुकनं नजर खाली घातली. आज तिला त्या नजरेची नेहमीपेक्षा जास्त भीती वाटत होती, आणि भीती वाटायला कारणही तसंच होतं.

कोरियन मंडळाचं वर्षअखेरीचं जेवण डिसेंबरात, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात असतं. त्या जेवणात मंडळ दरवर्षी एक आदर्श सून निवडतं. सासवांना तोटा नाही, सुना मात्र अलीकडे कमी पडायला लागल्यात. त्यामुळे मंडळाला पुरस्कार हातात घेऊन माणूस शोधत हिंडावं लागतं. यंदा हिंडावं लागलं नाही. खुद्द सासूनंच सुनेचं नाव दिलं. नव्वदी ओलांडलेल्या सासूबाई, माल-सुन त्यांचं नाव, काठी टेकत एकट्या मंडळाच्या कचेरीत गेल्या, 'यंदा माझ्या सुनेला द्या' म्हणाल्या, आणि घरी येऊन मोड निवडत बसल्या. चकार शब्द काढला नाही. उन-सुकला कळलं ते अध्यक्षांच्या फोनवरून.

पुरस्कार म्हणजे एक लाकडी पाटी. तिच्यावर सोनेरी अक्षरांत मजकूर असतो आणि तो स्टेजवरून मोठ्यानं वाचतात. अध्यक्षांनी फोनवर तो तिला कौतुकानं ऐकवला होता. "पतीच्या निधनानंतर दुसरा विचार मनाला शिवू न देता..." पुढचं उन-सुकच्या कानात शिरलंच नाही.

दुसरा विचार तिच्या मनाला चांगलाच शिवला होता. त्याचं नाव तक गी-यंग.

गी-यंगचं तिळाच्या तेलाचं दुकान होतं. तीळ भाजायचे, दाबायचे, बाटल्या भरायच्या, आणि दिवसभर स्वतःच त्या वासात मुरत राहायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. उन-सुक आवेयानेदा रस्त्यावरचं आपलं कपड्यांचं दुकान बंद करून घरी जाताना त्याच्याकडून तेल घ्यायची. आधी नुसतं तेल. मग तेल आणि उभ्या-उभ्या जवाच्या चहाचा एक पेला. मग दर गुरुवारी बसून दोन पेले. दोन वर्षं ही गोष्ट चहाच्या पुढे फारशी सरकली नाही, आणि मग या वसंतात गी-यंगनं बाटलीचं बूच लावता लावता विचारलं, "लग्न करू या का?"

तिनं हो म्हटलं होतं. नव्या वर्षात सासूबाईंना सांगते, असंही म्हटलं होतं. दोघंही पन्नाशी उलटलेली, दोघंही एकटी, कायद्यानं कुणाची ना नाही. पण कायदा वेगळा आणि काराबोबो वेगळं.

आणि सासूबाईंना सांगायचं कसं? तिचा नवरा ह्यंग-दो सहा वर्षांपूर्वी एका सकाळी दुकानात गेला आणि काउंटरवरच कोसळला. त्या सकाळी आई झोपलीय म्हणून तो न बोलता बाहेर पडला होता. आमच्यात घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'जाऊन येते' म्हणतात, आणि घरातलं थोरलं माणूस 'ये' म्हणतं. एवढं झालं की मगच पाऊल उंबऱ्याबाहेर. त्या दिवसानंतर सासूबाईंनी आपली खुर्ची दाराजवळ आणून ठेवली. उजाडायच्या आत तिच्यात येऊन बसायच्या. उन-सुक बूट घालून म्हणायची, "आई, जाऊन येते." त्या म्हणायच्या, "ये." आणि मग उठून पुन्हा झोपायला जायच्या. सहा वर्षांत एक सकाळ चुकली नाही. अशा बाईला काय सांगणार? की एक दिवस मी याच दारातून निघेन आणि रात्री परत येणार नाही?

म्हणून उन-सुक आज-उद्या करत राहिली, आणि तिच्या आधी सासूबाईंनी डाव टाकला. निदान उन-सुकला तो डावच वाटला. पाटी घेतली की सगळ्या गावादेखत जन्माची बांधली गेली. नाही घेतली तर त्याच गावादेखत सासूच्या तोंडाला काळं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि वर हे अभिनंदनाचे फोन.

खाली लुसियानं गाडीचा हॉर्न वाजवला. लुसिया उन-सुकची एकुलती एक लेक. दाताच्या दवाखान्यात कामाला, आणि जिभेला हाड नसलेली.

"आई, तू अगदी केकवर लावायच्या बाहुलीसारखी दिसतेस," ती म्हणाली. "आजी, तुम्ही मात्र राणी. यंदा पहिला चमचा तुमचा ना?"

"देवाघरी गेले ना ह्वांगआजोबा," सासूबाई मागच्या सीटवर टेकत म्हणाल्या. "आता दुसरं कोण आहे?"

मंडळाच्या जेवणात सर्वांत थोरलं माणूस चमचा उचलतं, आणि मग बाकीचे. तोवर समोर काहीही वाफाळत असो, कुणी हात लावत नाही. ह्वांगआजोबा पाद्रीबुवांची प्रार्थना संपायच्या आतच चमचा उचलायचे, म्हणून लोकांचा त्यांच्यावर जीव होता. ते हिवाळ्यात गेले. यंदा मान सासूबाईंचा.

हॉलमध्ये पंखे गरगरत होते आणि वारा कुणालाच लागत नव्हता. पुरुषांनी मागच्या अंगणात मांस भाजायला घेतलं होतं, त्याचा धूर सगळ्या टेबलांवरून फिरत होता. दारातच सेसिलियाची आई भेटली. ही चर्चमधल्या बायकांची म्होरकी. वस्तीत कुणाच्या घरी काय शिजतं ते घरच्यांच्या आधी हिला कळायचं.

"या, या, मानकरी," तिनं उन-सुकचे दोन्ही हात धरले. "लुसियाची आई, मी माझ्या सुनेला म्हटलं, बघ जरा यांच्याकडे. तर ती म्हणते, मम्मी, मला पुरस्कार नको, भांडी घासायचं मशीन द्या. ऐकलंत? आपल्या वेळची माणसंच वेगळी."

"तसं काही नाही हो," उन-सुक म्हणाली.

"हाच तो विनय. पुरस्कार उगाच नाही मिळत." आणि आवाज खाली आणून, "पण एवढ्या तरुणपणी एकटं राहायचं म्हणजे कठीणच, नाही? कुणी नावसुद्धा काढलं नसेल लग्नाचं?"

उन-सुकनं आपले हात सोडवून घेतले. सेसिलियाच्या आईला खरंच काही माहीत होतं, का ती नुसतीच गळ टाकून बसली होती, कळायला मार्ग नव्हता. सासूबाई काठी आपटत म्हणाल्या, "मला बसायचंय. पाय दुखतात." आणि सुनेचा हात धरून तिला तिथून ओढून नेलं.

थोरल्यांचं टेबल स्टेजच्या अगदी समोर होतं. सासूबाईंना मधल्या खुर्चीत बसवून उन-सुक पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघराकडे गेली. गी-यंग तिथे असणार हे तिला ठाऊक होतं. तो तेलाचे डबे आत देऊन हात पुसत उभा होता. कोट घातलेला, मानेभोवती टाय, आणि तरी तिळाचा वास यायचाच.

"काय ठरलं?" त्यानं विचारलं.

"अजून काही नाही."

"अर्ध्या तासात ते तुमचं नाव पुकारणार."

"मला माहीत आहे. तुम्ही नका घाई करू."

"घाई?" तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "बाईसाहेब, मी दोन वर्षं चहा करतोय. एक सांगतो, रागावू नका. पाटी घेतलीत तर मी पुन्हा विषय काढणार नाही. रुसून नव्हे. ती पाटी तुमच्या भिंतीवर असणार आणि तुम्ही चोरासारख्या माझ्याकडे येणार, हे मला बघवणार नाही. तेल मात्र देत जाईन."

"आणि नाही घेतली तर आईंनी या गावात तोंड कसं दाखवायचं?"

त्यानं टायची गाठ उगाचच सरळ केली. आतून कुणीतरी तेलवाल्याला हाक मारली आणि तो गेला. उन-सुक रिकामाच पेला घेऊन परत आली. पाणी भरायचं राहूनच गेलं होतं. सासूबाईंनी रिकाम्या पेल्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि पेला तोंडाला लावून ठेवून दिला.

दोन्ही राष्ट्रगीतं झाली. आधी कोरियाचं, म्हातारे डोळे पुसत म्हणाले ते. मग अर्जेंटिनाचं, पोरांनी ओरडून म्हटलं ते. अध्यक्ष सनउ यांचं भाषण झालं. त्यांचा बटणांचा कारखाना होता आणि भाषणही तसंच, एकाला एक जोडलेलं आणि कुठेच न संपणारं. मग त्यांनी घसा साफ केला.

"आता यंदाची आदर्श सून."

टाळ्या पडल्या. उन-सुक उठली. पायऱ्या चढताना तिनं हानबोकचा घोळ दोन्ही हातांनी धरला. वरून सगळा हॉल दिसत होता. लुसिया मैत्रिणींच्या टेबलावरून फोननं फोटो काढत होती. गी-यंग स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभा होता. आणि अगदी समोर, खाली, सासूबाई काठीवर दोन्ही हात ठेवून तिच्याकडे बघत होत्या.

अध्यक्षांनी मजकूर वाचला. "परदेशी मातीत... सासूला जन्मदात्री मानून... पतीच्या निधनानंतर दुसरा विचार मनाला शिवू न देता, सहा वर्षं अखंड..." एक-एक शब्द त्यांनी इतका सावकाश वाचला की जणू पैज लावली होती. मग पाटी दोन्ही हातांनी पुढे केली.

उन-सुकनं हात पुढे केला नाही.

"मी याला लायक नाही," ती म्हणाली.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

ही मोठीच पंचाईत होती. आमच्यात कुणी काही देऊ केलं की पहिल्या खेपेला नको म्हणायचं, दुसऱ्या खेपेला नको-नको म्हणायचं आणि तिसऱ्या खेपेला घ्यायचं. गेल्या वर्षीची सून याच जागी उभी राहून हेच वाक्य बोलली होती, वर दोन अश्रूही ढाळले होते. तिची पाटी आता तिच्या दिवाणखान्यात आहे.

"नाही, अध्यक्षसाहेब, खरंच. मला घेता येणार नाही."

टाळ्या दुप्पट झाल्या. मागच्या टेबलावरचे एक काका, दोन पेले आधीच पोटात गेलेले, उभे राहून म्हणाले, "घ्या हो वहिनी, आत सूप गार होतंय." लोक हसले. अध्यक्षही हसले, आणि पाटी तिच्या पोटाशी टेकवलीच. लाकूड गार होतं. नुसती बोटं मिटली असती की झालं असतं. सगळे खूश झाले असते, जेवण सुरू झालं असतं, आणि उन-सुकनं उरलेलं आयुष्य दर आठवड्याला त्या पाटीवरची धूळ पुसली असती.

तिनं पाटी हातात घेतली. टाळ्यांचा जोर वाढला. दाराशी गी-यंगनं मान खाली घातली.

मग तिनं पाटी स्टेजवरच्या टेबलावर पालथी ठेवली आणि माइक जवळ ओढला.

"यात लिहिलंय ते खरं नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "माझ्या मनात दुसरा विचार आहे. मी लग्न करणार आहे. आईंची यात काही चूक नाही. त्यांना माहीत नव्हतं."

टाळ्या तुटक-तुटक होत थांबल्या. मागचे एक-दोघं नीट न ऐकता वाजवत राहिले, त्यांना शेजाऱ्यांनी कोपरानं ढोसलं. पंख्यांचा आवाज एकदम मोठा झाला.

ती पायऱ्या उतरली. पुढे कुठे जायचं हे तिला ठाऊक नव्हतं. आपल्या टेबलाकडे जायचा धीर होईना, गी-यंगकडे जाणं तर आणखीच अवघड. ती स्टेजच्या कोपऱ्याशी तशीच उभी राहिली. अध्यक्षांनी तीस वर्षं मंडळ चालवलं होतं. भांडणं, रुसवे, एकदा तर स्टेजवरची मारामारीही निभावली होती. त्यांनी एकच गोष्ट केली, जी अशा वेळी कुणीही शहाणा माणूस करेल.

"जेवून घेऊ या," ते म्हणाले.

बायका-पोरं भराभर आली आणि बरगडीच्या सुपाचे वाडगे टेबलांवर मांडून गेली. भात आला, किमची आली. पाद्रीबुवांनी प्रार्थना अगदी थोडक्यात आटोपली. आणि मग सगळ्या हॉलनं थोरल्यांच्या टेबलाकडे पाहिलं.

सासूबाईंसमोर वाडगा वाफाळत होता. चमचा उजव्या बाजूला होता. त्यांचे हात मांडीवर होते.

आधी लोकांना वाटलं, म्हातारीच्या लक्षात आलं नसेल. शेजारच्या आजोबांनी हळूच चमचा त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो होता तिथे परत ठेवला.

"आजी," अध्यक्ष वाकून म्हणाले, "यंदा मान तुमचा. उचला ना."

"माहीत आहे मला."

"सूप गार होतंय."

"होऊ दे."

तीनशे माणसं समोरच्या अन्नाकडे बघत बसली. एक लहान मूल रडायला लागलं, आईनं त्याच्या तोंडात भाताचे चार दाणे चोरून घातले आणि आजूबाजूला पाहिलं. मघाचे काका पुन्हा उभे राहिले. "आजी, आमचा काय गुन्हा?" या वेळी कुणी हसलं नाही आणि ते आपणहून बसले. सेसिलियाची आई शेजारणीच्या कानात कुजबुजली, इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या टेबलाला ऐकू जावं, "बरोबर आहे त्यांचं. घास उतरेल का घशाखाली? या वयात हे दिवस."

सुपावरची वाफ विरळ झाली. कडेला चरबीची पांढरी रेघ धरायला लागली. स्वयंपाकघराच्या दारातून गी-यंग पुढे आला, दोन टेबलं ओलांडली, आणि आता सगळ्या गावाला कळलं की तो कोण. उन-सुकनं त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवली. तो आहे तिथे थांबला, टेबलांच्या मध्ये, हात कुठे ठेवावेत हे न कळून.

हे तिचं तिलाच करायला हवं होतं. ती निघाली. स्टेजपासून थोरल्यांच्या टेबलापर्यंत अंतर ते किती, पण चालताना तिला वाटलं की आता सगळ्यांसमोर थोबाडीत बसणार, आणि बसली तर आपण गाल मागे घ्यायचा नाही. ती सासूबाईंच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली. हानबोकचा घेर सगळीकडे पसरला.

"आई, माझ्यावर राग काढा. लोकांना उपाशी नका ठेवू."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. बोलल्या त्या फक्त तिला ऐकू जाईल इतकंच.

"तेलाची बाटली," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दोन वर्षं झाली, आपल्या घरातली तेलाची बाटली संपत नाही. मी काही हात राखून घालत नाही तेल. आणि दर गुरुवारी तुझ्या केसांना भाजलेल्या तिळांचा वास. मी म्हातारी झालेय, नाक नाही झालेलं."

"तुम्हाला माहीत होतं. मग माझं नाव का दिलंत?"

"वाट बघून थकले म्हणून. रोज पहाटे त्या खुर्चीत बसते. वाटतं, आज सांगेल. तू आपले बूट घालतेस आणि जातेस. म्हटलं, पाटीवरचं ते वाचून दाखवलं की हिच्यानं राहवणार नाही. तुला खोटं पचत नाही, पहिल्यापासून नाही."

"आणि घेतली असती मी पाटी, तर?"

"तर भिंतीवर टांगली असती. काय करणार? मेल्यावर माझ्याबरोबर पुरा म्हटलं असतं. पण तू वर उभी राहून अध्यक्षाला सांगितलंस. त्या बेवड्याला सांगितलंस. सेसिलियाच्या आईला सांगितलंस. सगळ्या गावाला सांगितलंस. मला नाही सांगितलंस."

दोन वर्षं उन-सुक ज्या नजरेला राग समजत होती, तिच्यात राग नव्हताच. कसं दिसलं नाही आपल्याला, याची तिला लाज वाटली, आणि रडू आलं ते त्या लाजेपायी.

"माझा नवरा लढाईत गेला, न सांगता," सासूबाई म्हणाल्या. "ह्यंग-दो गेला, न सांगता. शेजारच्या खोलीत होते मी. उठवलं असतं तर काय बिघडलं असतं? आता तू. निदान एकानं तरी माझ्या तोंडाकडे बघून सांगा."

त्यांनी हात पुढे केला आणि सुनेच्या छातीवरच्या फितीची गाठ सोडायला लागल्या. बोटांना ती चटकन सुटेना. आपणच आवळलेली गाठ, आता आपल्यालाच त्रास. अखेर फीत सैल झाली.

"घे श्वास," त्या म्हणाल्या. "आणि सांग."

उन-सुकनं श्वास घेतला. कितीतरी वेळानं तो पोटापर्यंत गेला.

"आई, मी गी-यंगशी लग्न करणार आहे. त्यांच्या दुकानावरच्या खोल्यांत राहायला जाईन. तुम्हाला तिथला जिना चढवणार नाही, म्हणून लुसिया तुमच्याजवळ राहील. माझी जायची इच्छा आहे. मला कुणी फूस लावली नाही."

"कधी?"

"मार्चमध्ये. उन्हाळा सरला की."

"बरं ठरवलंत. या उकाड्यात नवरी घामाघूम दिसते." सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून टेबलांमध्ये अवघडून उभ्या असलेल्या गी-यंगकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, बाजारात मुळा बघावा तसं. "बारीक आहे. दिवसभर तेलात असून."

"आई."

"बरं, बरं."

उन-सुकला वाटलं, झालं. पण सासूबाईंचे हात अजून मांडीवरच होते. त्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या, काहीतरी राहिलं असल्यासारख्या. सगळा हॉल श्वास धरून बसला होता. उन-सुक गोंधळली. सगळं तर सांगितलं. तारीख सांगितली, जिना सांगितला. आणखी काय हवंय?

मग तिला दाराजवळची खुर्ची आठवली.

तिनं गुडघ्यांवर बसल्या बसल्याच दोन्ही तळवे जमिनीला टेकले आणि खाली वाकली. मग मान वर करून, त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"आई, जाऊन येते."



"ये," सासूबाई म्हणाल्या, आणि चमचा उचलला.